दुपारी दिसतो फक्त बरफवाला

१

समीक्षाला जाग आली तेव्हा आधी कूलरची घरघर ऐकू आली, मग वाळ्याचा ओला वास आला, आणि त्यानंतर कळलं की आपला गाल कीबोर्डवर टेकलेला आहे.

रोजचं स्वप्न आजही पडलं होतं. कुणीतरी झोळीशेजारी बसलंय, बांगड्या वाजतायत, खिरीसारखा गोड वास येतोय आणि एक बाई तान्ह्या अंजूशी हळू आवाजात बोलतेय. स्वप्नात समीक्षाला वाटायचं, ही आपली गेलेली आई. म्हणून ती डोळे उघडायची नाही. उघडले तर आई जाईल.

मे महिना होता. सालेकशाच्या स्टेशनापलीकडच्या त्या वस्तीत दुपारी पानही हलत नसे. दरेकशाच्या डोंगराकडं मालगाडी गेली की तिची धडधड बराच वेळ जमिनीत राही, तेवढाच काय तो आवाज. नवरा, रत्नपाल, भिलाईला कारखान्यात. त्याच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं रोज कंप्युटरवर समोरासमोर बसत, कारण घरात मोबाइलला रेंज नव्हती. तारेचं इंटरनेट तेवढं चाले. अंजू आठ महिन्यांची, रात्रभर जागवणारी. त्यामुळं बोलता बोलता समीक्षाचं डोकं टेबलावर कधी जाई, तिचं तिलाच कळत नसे.

आजही कॉल संपला होता. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं; सासूबाई तेंदूच्या पानांना गेल्या होत्या, त्यांना यायला सोपं पडावं म्हणून.

ती उठून झोळीशी गेली. अंजू जागी होती, मूठ चघळत खुशीत पडली होती. अंगात फक्त लंगोट.

झबलं कुठंय?

सासूबाईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं निळं झबलं. झोपवताना तिनं स्वतः घातलं होतं, पाठीवर गाठ मारली होती. समीक्षानं झोळी झटकली, चटई उचलली, कूलरमागंही पाहिलं. आठ महिन्यांचं लेकरू पाठीवरची गाठ सोडेल कसं?

मग तिची नजर झोळीच्या दोरीकडं गेली. अंजूचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर पळसाच्या पानाची एक पुडी धाग्यानं बांधलेली होती. आत तांदूळ होते.

पोरगी जागेवर होती, पण तिच्या अंगावरचा कपडा कुणीतरी काढून नेला होता. आणि आई तीन हातांवर झोपलेली होती.

२

दाराला व्हिडिओ बेल लावून दोनेक महिने झाले होते. अंजूच्या जन्मानंतर समीक्षाला सारखं वाटे, कुणी येईल, काही होईल. शेवटी रत्नपालच ती घेऊन आला. भिंतीवर बसवताना त्यानं समजावलं होतं, "बॅटरी वाचावी म्हणून हिचा डोळा मिटलेलाच असतो. समोरून अंगाची ऊब गेली की उघडतो. फांदी हलली, कागद उडाला, तरी ही झोपलेलीच. माणूस, गाय, मांजर आलं की जागी. तुला कंप्युटरवर 'टिंग' ऐकू येईल अन् चित्रही साठून राहील."

त्याच दिवशी शेजारच्या धुरपताकाकूंनी भिंतीवरून विचारलं होतं, "तुमचा हा काच माझ्या आंगणाकडं काऊन पाहून राहिला व?"

त्यांची लेक दामिनी बाळंतपणाला आलेली होती. आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळं काकू तिला उन्हापासून नाही एवढं नजरेपासून जपत.

"कॅमेरा आहे काकू, नजर नाही," रत्नपाल हसून म्हणाला.

"नजर नाही तं पाहते कायनं?"

तो हसला नसता तर बरं झालं असतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

समीक्षा मात्र त्या डोळ्याच्या जिवावर जगत होती. लोक मालिका पाहतात तशी ती अंगण पाहायची. पहाटे दूधवाला, टिंग. सकाळी शेजारची गाय, टिंग. संध्याकाळी तर टिंगटिंग थांबायची नाही. दुपारी तेवढी शांतता, फार तर बरफवाल्याची एक टिंग. सारी वस्तीच झोपते, तिला वाटे.

आता तिनं बेलमधली आजची दुपार उघडली. एकच चित्र होतं.

उन्हानं पांढरं पडलेलं अंगण. फाटकाशी सायकल, तिच्या मागं लाकडी पेटी, पेटीवर पाणी ठिबकणारं ओलं तरट. यंदाच या बाजूला यायला लागलेला बरफवाला. तो थांबला. लोटलेल्या दाराच्या फटीतून आत पाहत राहिला, बराच वेळ.

मग हसला आणि निघून गेला.

सासूबाई, अन्नपूर्णाबाई, घरी आल्या. त्यांनी पुडी पाहिली. "आपन हे करनी-बिरनी मानत नाही," त्या ठामपणं म्हणाल्या. पण अंजूला उचललं ते पुन्हा खाली ठेवलं नाही, आणि ते पाहूनच समीक्षाचा धीर सुटला. तिनं ते चित्र वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आज दुपारी हा आमच्या दारात होता. बाळाचा कपडा गायब आहे. याला कुणी ओळखतं का?'

जेवणं होईपर्यंत ते चित्र आमगावपर्यंत फिरून परत आलं होतं. समीक्षाचं वाक्य त्याच्याखाली उरलं नव्हतं. तिथं आता कुणीतरी लिहिलं होतं: 'सावधान, पोरं पळवणारा.'

३

सकाळी ग्रुप चालवणाऱ्या प्रफुलचा निरोप आला. 'ताई, टेन्शन नको. स्टेशनवरच पकडला.'

अंजूला सासूबाईंकडं देऊन ती समाजमंदिराकडं धावली. ओसरीत तो भिंतीला टेकून बसला होता. चैतराम नाव, दरेकशाकडचा. सदऱ्याची बाही फाटलेली. सायकल उन्हात उभी होती आणि पेटीतून पाण्याची बारीक धार धुळीत जात होती.

"ताई, पोलिसाले फोन केला," प्रफुल म्हणाला. "येऊन राहिले म्हणतात. पन पोरं ऐकून नाही राहिली. बरफ आहे तोवर थंड बसतीन. मंग मी नाही सांगत."

मागून कुणी हसलं. समीक्षाला ते हसू आवडलं नाही. अशा हसण्यानंतर दूरदूरच्या गावांत काय काय झालं, ते तिनं वाचलेलं होतं. आणि इथं त्याची सुरुवात तिच्या बोटांनी झाली होती.

ती चैतरामसमोर खाली बसली. "भाऊ, काल तुम्ही आमच्या फाटकाशी थांबला होतात."

"थांबलो होतो."

"हसलात कशाला?"

"लेकरू हासत होतं बाई. लेकरू हासलं तं मानूस हासते."

"आत कोण होतं?"

चैतरामनं तिच्या खांद्यावरून मागच्या पोरांकडं पाहिलं. मग पेटीकडं. "लय ऊन होता. काही दिसलं नाही."

"दिसलं नाही, का सांगायचं नाही?"

"घरातल्या बायांचं नाव मी चार पोरांत कायले घेऊ?" तो इतकं हळू बोलला की फक्त तिलाच ऐकू गेलं. मग मोठ्यानं म्हणाला, "बरफ पानी होऊन राहिला बाई. बाकी मले काही मालूम नाही."

समीक्षा परत निघाली. वाटेत तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. बायांचं. म्हणजे आत बाई होती. आणि तिच्यासमोर अंजू हसत होती.

४

"मीही पाहिलं होतं," पडद्यावर रत्नपाल म्हणाला. आज त्यानं सुट्टी टाकली होती, खोलीवरूनच बोलत होता. "म्हणजे, पाहिलं नाही म्हण. तूच तर पसारा दिसू नये म्हणून मागचं धूसर करून ठेवतेस."

"काय पाहिलंत? नीट सांगा."

"तू झोपलीस. मी कॉल चालू ठेवला. तेवढीच सोबत. मागं अंजू कुरकुरली. मग काहीतरी पिवळं आलं. पाण्यात हळद कालवावी तसं. हललं, खाली बसलं. अंजू गप्प झाली. मला वाटलं आई. सुट्टी संपली, मी कॉल बंद केला."

"आईंच्या अंगावर काल निळं लुगडं होतं."

समीक्षानं वळून झोळीकडं पाहिलं.

तेवढ्यात भांडी घासणारी चंदा आत आली. डोक्यावर पदर, लुगडं पिवळंधमक. समीक्षा तिच्याकडं पाहतच राहिली.

"अशी काऊन पाहून राहिली ताई? भूत होय का मी?"

"चंदा, काल दुपारी तू आली होतीस?"

चंदाच्या कपाळाला आठी पडली. तिला सगळं लगेच कळलं. वस्तीत काय शिजतंय ते काय लपून होतं? ती तडक झोळीशी गेली आणि अंजूला उचललं. अंजूनं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं, ओठ काढला आणि असा टाहो फोडला की रत्नपालनं भिलाईत कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"पाहा!" चंदानं पोरीला समीक्षाच्या हातात दिलं. "रोजची हाय मी, तरी हे मले घरात घेत नाही. हिच्या आंगातून झबला काढाले मले चार मानसं लागतीन. मले चोर म्हना, पन हे पोरगी तं खोटं नाही बोलत."

खरंच होतं. हल्ली अंजू परक्या चेहऱ्याला रडायची, पुरुषांना जास्तच. ती गप्प राही फक्त आईकडं आणि आजीकडं. म्हणजे चैतराम नव्हता, चंदाही नव्हती. उरलं कोण?

अन्नपूर्णाबाई दारात उभ्या होत्या. "माझ्याकडं काऊन पाहतेस? मी तं भारा टाकून पानाच्या फडीवर गेली होती, वाळू घातलेले पुडे पलटवाले."

"भारा टाकून? आई, तुम्ही काल दुपारी घरी आला होतात?"

"हाव. उन्हं डोक्यावर होती. तू टेबलावर डोकं ठेवून झोपली, पोरगी झोळीत, आंगात झबला. तुले काऊन उठवू? दारातूनच पाहिलं, ओसरीतलं पानी पेली अन् गेली."

समीक्षा कंप्युटरकडं वळली. कालची सगळी चित्रं तिनं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. दूधवाला, गाय, पहाटे जंगलात निघालेल्या सासूबाई. मग एकदम दुपार आणि बरफवाला. मग संध्याकाळ, रिकाम्या हातानं परतणाऱ्या सासूबाई.

दुपारी सासूबाई आल्याच नव्हत्या.

५

नवऱ्याची आई खोटं बोलते असं नवऱ्यासमोर कसं म्हणायचं? समीक्षाची नजर ओसरीत गेली. तिथं तेंदूच्या पानांचा भारा पडला होता, कालचाच, कडेची पानं उन्हानं वळलेली. तो काही उडत आला नव्हता. आणि त्याला डोक्यावरून आणायला एकच वाट होती, बेलच्या समोरून.

म्हणजे आई खरं बोलत होत्या. खोटी होती ती बेल.

बाहेर ऊन आता डोक्यावर आलं होतं. अंगण तापून थरथरत होतं. पलीकडची भिंत पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. समीक्षाला वाटलं, आपण अजून कालच्याच स्वप्नात आहोत.

"अहो, आवाजाकडं लक्ष ठेवा," ती रत्नपालला म्हणाली. "मी बाहेर जाते. टिंग झालं की ओरडा."

ती फाटकापर्यंत गेली. परत आली. बेलच्या अगदी समोर उभी राहून तिनं हात हलवले. काचेचा तो बारीक काळा डोळा तिच्याकडं पाहत होता आणि पाहत नव्हता.

"झालं?" तिनं खिडकीतून विचारलं.

"काय झालं? तू गेलीस का बाहेर?"

भर उन्हात, स्वतःच्या अंगणात, ती नव्हतीच.

आणि मग तिला गोंदियाच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. खिडक्यांना काळे पडदे, आणि सर सांगतायत: ऊब अशी वेगळी दिसत नसते. ती दिसते आजूबाजूच्या फरकामुळं. सगळंच सारखं तापलं तर उष्णतेच्या डोळ्याला सगळं एकच.

पहाटे अंगण गार, दूधवाला ऊबदार. डोळा उघडतो. दुपारी भिंत तापलेली, फाटक तापलेलं, माणूसही तेवढंच तापलेलं. भट्टीतून चालत जाणारा निखारा कुणाला दिसणार? ही बेल दिल्लीत बनो नाही तर परदेशात, बनवणाऱ्यानं इकडचा मे महिना काही पाहिला नव्हता.

मग चैतराम कसा दिसला?

तिनं आत जाऊन ओढणी कूलरच्या टाकीत बुडवली. पिळली नाही. तशीच खांद्यावर घेतली, पाठीवरून गार ओघळ उतरू दिला आणि अंगणात पाऊल टाकलं.

टिंग.

"दिसलीस!" रत्नपाल ओरडला. "समीक्षा, आत्ता दिसलीस!"

ओलं तरट, बर्फाची पेटी. त्या आगीच्या दुपारी साऱ्या वस्तीत एकच गार वस्तू फिरत होती. बाकीचे येत होते, जात होते, आणि बेल त्या एकट्यालाच पाहत होती. आणि समीक्षानं त्या एकट्यालाच चोर ठरवलं होतं.

प्रफुलला तिनं बोलावून घेतलं. चार पोरं घेऊन तो तरातरा आत आला.

"प्रफुलभाऊ, तुम्ही आत्ता फाटकातून आलात?"

"मंग काय उडून आलो?"

"बघा इथं." तिनं पडदा दाखवला. "तुम्ही पाच जण आलाच नाहीत."

प्रफुल पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आला. नाचला. मागच्या एकानं बेलसमोर दंड थोपटले. काही नाही. मग समीक्षानं ओली ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली आणि त्याला बाहेर ढकललं. टिंग. पडद्यावर ओढणी घेतलेला प्रफुल पाहून पोरं पोट धरून हसली. हे हसू सकाळच्यापेक्षा वेगळं होतं.

पण प्रफुल लवकर थांबला. "ठीक हाय ताई. बेल आंधळी, मान्य. मंग झबला नेला कोनं? बरफवाला नसन तं दुसरं कोनी आसन. ते सांगा, तं पोरं त्याले सोडतीन."

६

समीक्षानं पळसाची पुडी हातात घेतली. कालपासून ती उघडायची तिची हिंमत झाली नव्हती. आता तिनं धागा सोडला, आणि तांदळाचा वास वर आला.

गोड, खिरीसारखा. स्वप्नातला वास.

तिनं डोळे मिटले. आपल्या घरी सरकारी बियाण्याचा जाडा तांदूळ. हा वास तिनं जागेपणी एकदाच घेतला होता. नवी नवरी म्हणून शेजारी जेवायला गेली होती तेव्हा. काकू म्हणाल्या होत्या, 'चिन्नोर तांदूळ होय बाई. या वस्तीत आमच्याच एका धानाच्या बांधीत होते. सनासुदीले, नाही तं पोटुशीले.'

म्हणजे ते स्वप्न नव्हतं. रोज दुपारी झोळीशी खरंच कुणी बसत होतं. म्हणूनच अंजू तिला ओळखत होती, तिच्यासमोर हसत होती. आणि दोन घरांचं बोलणं बंद असताना तिला तिथं बसलेली पाहून चैतरामला हसू आलं होतं. वस्तीतलं भांडण फेरीवाल्यालाही माहीत असतं.

"धुरपताकाकू," ती म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. "पन तिच्या घराले तं सकाळपासून कुलूप हाय!"

"पाहा," मागून एक पोरगा म्हणाला. "पळाली."

समीक्षा कंप्युटरकडं वळली. भांडणाआधी दामिनीचा नंबर तिनं घेतलेला होता. कंप्युटरवरच तिनं व्हिडिओ कॉल लावला. रिंग वाजत राहिली. पोरं खुर्चीमागं दाटीनं उभी. रत्नपाल पडद्याच्या एका कोपऱ्यात छोटा होऊन बसला.

कॉल उचलला गेला. आधी एक पंखा दिसला. मग कान. मग नाकाची एक भली मोठी नाकपुडी.

"कोन होय?"

"काकू, मी समीक्षा. फोन जरा लांब धरा."

चित्र डगमगलं आणि स्थिर झालं. दवाखान्याची हिरवी भिंत, पिवळ्या लुगड्यातल्या धुरपताकाकू, डोळे जागरणानं लाल. त्यांच्या मांडीवर मुठीएवढं तोंड असलेलं एक लेकरू झोपलं होतं. अंगात, बाह्या बोटांच्याही खाली लोंबत असलेलं, निळं झबलं.



"पोरगा झाला व," काकू म्हणाल्या. आवाज चिरकला. "पहाटे. रडला. दामिनीचा कोनताच रडला नव्हता. हा रडला."

समीक्षा पडद्याकडं झुकली. "काकू, झबलं तुम्ही नेलंत?"

"मंग?" काकूंना प्रश्नच कळला नाही. "पहिला कपडा जीत्या-जागत्या लेकराच्या आंगातला मांगून घालाव, मंग जीव टिकते. तुझी पोरगी कशी टुनटुनीत! काल तिले कळा चालू होतीन असं वाटलं, म्हनून आली. मांगूनच नेला ना मी."

"कुणाकडं मागितलंत? मी तर झोपले होते."

"तुमच्या काचेले." काकूंनी फोन जवळ आणला, पडदाभर त्यांचे दोन डोळे झाले. "सामने उभी राहिली, झबला उचलून दाखवला, हात जोडले. रिकाम्या हातानं घेऊ नये म्हनून तांदूळ बांधले. तू नंतर पाहशीन ना. तुमचा काच सारं पाहते, तुमीच तं म्हनता."

"आणि रोज दुपारी यायचात ते?"

"पहिल्या रोजी पोरगी रडून राहिली होती. तू मेल्यावानी झोपली. भिंतीपलीकडं बसून आयकवलं नाही, आली. मनात म्हटलं, आता ह्या बाईले काचात दिसन, संध्याकाळी येईन भांडाले. तू नाही आली. दुसऱ्या रोजी आली, तरी तू चूप. मले वाटलं, पोरीले समजलं. तोंडानं बोलत नाही, पन येऊ देऊन राहिली." त्या थांबल्या. "तुले… दिसलो नाही का आमी?"

समीक्षानं मान हलवली. नाही.

ज्या डोळ्याला काकू भीत होत्या, त्याच्यासमोरून त्या रोज मुद्दाम चालत आल्या होत्या, दिसावं म्हणून. आणि जिला सगळं पाहायचं होतं ती डोळे मिटून त्यांना स्वप्न समजत बसली होती.

"दे इकडं," अन्नपूर्णाबाई पुढं झाल्या आणि पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. "पाहू दे मले पोट्टं. काऊन व धुरपता, बाह्या दुमडता येत नाही का तुले? बोटं झाकली ना त्याची!"

"दुमडतो व माय," काकू पलीकडून म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

समीक्षा मागं वळली. प्रफुल मान खाली घालून उभा होता. "भाऊ, आधी त्याला सोडा," ती म्हणाली. "मग मी लिहिते. माझ्या नावानं."

ती स्वतःही गेली. पोलीस अजून पोचलेच नव्हते; समाजमंदिरासमोर सायकल होती तशीच होती. पेटीखालची धार थांबली होती, धुळीतली ओलही वाळून गेली होती. चैतरामनं कोरडं तरट झटकलं आणि पेटीवर टाकलं.

"तुम्हाला माहीत होतं. नाव सांगितलं असतं तर तेव्हाच सुटला असतात."

"हे पोरं मंग तिच्या दारात गेली असती बाई. घरात पोटुशी होती." तो सायकलवर बसला. फाटक्या बाहीकडं एकदा पाहून म्हणाला, "तुमी आता मोबाइलवर काही टाकसान तं आधी विचारजा." आणि निघून गेला.

७

तिनं ग्रुपवर लिहिलं. तीनदा लिहिलं, कारण पहिलं चित्र अजून फिरतच होतं. आमगावहून कुणीतरी त्याच दिवशी संध्याकाळी ते तिलाच पाठवलं, सावध राहा म्हणून. तिनं त्या माणसालाही खरं काय ते लिहून पाठवलं. पुढचे कितीतरी दिवस ती तेच करत होती.

चैतराम त्या गल्लीत आला नाही. दुपारी आता टिंग वाजतच नसे. समीक्षाला ती शांतता आधी कधी जाणवली नव्हती.

एका दुपारी रत्नपाल पडद्यावर काहीतरी सांगत होता. तिचे डोळे जड झाले होते, अंजू झोळीत कुरकुरत होती, वाळ्याचा वास येत होता. ती झोपेच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती.

टिंग.

ती दचकून उठली. चैतराम? पडद्यावर बेलची चौकट उघडली होती.

पांढऱ्या उन्हात धुरपताकाकू उभ्या होत्या. खांद्याशी फडक्यात बाळ, आणि डोक्यापासून पदर ओलाचिंब. पदराचं पाणी फरशीवर टपटप पडत होतं आणि पडल्या पडल्या वाळत होतं. काकूंनी मान वर करून काचेच्या त्या डोळ्यात पाहिलं.

"आता दिसलो का व?"

झोळीतल्या अंजूनं तो आवाज ऐकला आणि हसून पाय झाडले. समीक्षानं डोळे पुसले, रत्नपालला तसंच पडद्यावर ठेवलं आणि दार उघडायला गेली. दार लोटलेलंच होतं.